सोलापूरच्या कारखान्यांतील सॉफ्टवेअर किती वीज घेते, हे मोजायचे कसे?

मोजपट्टी

नमस्कार. मी सोलापुरातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक शाखेत शिकवतो. यंदा अंतिम वर्षाच्या एका गटाने सॉफ्टवेअरचा वीजवापर हा प्रकल्पाचा विषय निवडला आहे. त्यासाठीची पद्धत पक्की करण्यापूर्वी ती जाणकारांसमोर ठेवावी, म्हणून हा धागा काढत आहे.

या विषयावर जे वाचायला मिळते ते बहुतेक महाकाय डेटा सेंटरांविषयी असते आणि ते रास्तही आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२४ मध्ये जगभरातील डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ टेरावॅट-तास, म्हणजे ४१,५०० कोटी युनिट वीज वापरली. जगाच्या एकूण वीजवापराच्या हे दीड टक्का भरते. २०३० पर्यंत हा वापर दुपटीहून अधिक होईल, असेही त्याच संस्थेचे म्हणणे आहे. परंतु आपल्या शहरात सॉफ्टवेअर जिथे दिवसभर चालते ती जागा वेगळी आहे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतील टॉवेल कारखान्याचे ऑफिस, चादरीच्या पेढीचा हिशेब, पतसंस्थेचा काउंटर, औषधाच्या दुकानातील बिलिंग अशा ठिकाणी एक जुना डेस्कटॉप असतो, त्याला यूपीएस जोडलेला असतो आणि त्यावरचे सॉफ्टवेअर एखाद्या स्थानिक विक्रेत्याने लिहिलेले असते. ते सॉफ्टवेअर किती वीज घेते, हे ना लिहिणाऱ्याला ठाऊक असते ना वापरणाऱ्याला. आमचा प्रकल्प याच संगणकांविषयी आहे.

प्रश्न असा मांडला आहे: ठरावीक काम, उदाहरणार्थ शंभर बिले तयार करून छापण्यासाठी पाठवणे किंवा महिन्याचा साठ्याचा अहवाल काढणे, एकाच संगणकावर दोन वेगळ्या प्रकारे लिहिलेल्या सॉफ्टवेअरकडून करून घेतले, तर ऊर्जेत किती फरक पडतो आणि तो कशामुळे पडतो? येथे ‘कामाचे एकक’ ठरवणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. हे सॉफ्टवेअर किती वॅट घेते, या प्रश्नाला एकट्याने अर्थ नाही, कारण निम्मे वॅट घेऊन दुप्पट वेळ चालणारे सॉफ्टवेअर शेवटी तेवढीच ऊर्जा खर्च करते. म्हणून आम्ही प्रत्येक अहवालामागे किती ज्यूल, असे मोजणार आहोत. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल, हे ध्यानात ठेवले की पुढे विजेच्या बिलाशी सांगड घालता येते.

मोजण्यासाठी इंटेलच्या प्रोसेसरमधील रॅपल ही सोय वापरण्याचा विचार आहे. २०११ मध्ये आलेल्या सॅंडी ब्रिज पिढीपासून ती उपलब्ध आहे आणि एएमडीच्या झेन पिढीतही तशीच सोय आहे. लिनक्समध्ये पॉवरकॅपच्या फोल्डरमधील एका फाइलीतून मायक्रोज्यूलमध्ये आकडा मिळतो. काम सुरू होण्यापूर्वी आणि संपल्यावर तो वाचून वजाबाकी केली की त्या काळात प्रोसेसरने घेतलेली ऊर्जा कळते. दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. अनेक प्रोसेसरांवर हा आकडा सुमारे २,६२,००० ज्यूलनंतर पुन्हा शून्यापासून सुरू होतो, त्यामुळे ६० वॅट घेणाऱ्या प्रोसेसरवर सव्वा तासाच्या आतच तो एकदा फिरून येतो आणि लांबलचक चाचणीत वजाबाकी चुकते. तसेच २०२० मध्ये प्लॅटिपस नावाची सुरक्षा त्रुटी उघड झाल्यापासून हा आकडा वाचण्यासाठी रूटचा, म्हणजे संगणकाच्या मुख्य प्रशासकाचा, अधिकार लागतो.

रॅपल पुरेसे आहे का, प्रोग्रामिंगची भाषा बदलून पाहावी का, आणि कारखान्यातील खऱ्या परिस्थितीत मोजावे की प्रयोगशाळेत, या तीन गोष्टींवर आपले मत हवे आहे.

तीन फेज

सर, विषय उत्तम आहे. मी ऊर्जा लेखापरीक्षणाची कामे करतो, म्हणून माझे बोलणे भिंतीतल्या सॉकेटपासून सुरू होते.

रॅपल फक्त प्रोसेसरचे आणि काही ठिकाणी मेमरीचे सांगते. मॉनिटर, हार्ड डिस्क, मदरबोर्डवरील बाकीचे भाग आणि एसएमपीएसमध्ये, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या भागात, उष्णता होऊन जाणारी वीज त्यात येत नाही. कारखाना पैसे मात्र या सगळ्याचे मोजतो. म्हणून रॅपलच्या जोडीला सॉकेट आणि संगणक यांच्यामध्ये लावायचा ऊर्जा मीटर हवाच. मात्र तो खरे वॅट मोजणारा असावा. विद्यार्थी अनेकदा क्लॅम्प मीटरने करंट घेतात आणि त्याला २३० ने गुणतात. एसएमपीएसचा करंट सरळ साइन वेव्ह नसतो, पॉवर फॅक्टर (खरे वॅट भागिले व्होल्ट-अँपिअर) एकाहून कमी असतो, त्यामुळे तो गुणाकार व्होल्ट-अँपिअर देतो, वॅट नव्हे. जुन्या, स्वस्त एसएमपीएसवर ही तफावत इतकी मोठी असते की दोन सॉफ्टवेअरांमधील सगळा फरक तिच्यात बुडून जाईल.

यूपीएसचे वेगळेच आहे. वीज जाऊन आल्यावर बॅटरी चार्ज होत असते आणि तो भार संगणकाचा म्हणून नोंदला जातो. मीटर यूपीएसच्या पुढे, म्हणजे संगणकाच्या बाजूला लावा; यूपीएसचा स्वतःचा व्यय मोजायचा असेल तर दुसरा मीटर मागे लावा. दोन्ही मीटर एकाच वेळी लावले तर यूपीएस काही काम नसताना किती खातो, हेही कळेल. माझ्या अनुभवात या भागाकडे कोणीच पाहत नाही.

आणि सोलापूरचा उन्हाळा विसरू नका. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४३-४४ अंशांवर जातो आणि शेडला लागून असलेल्या पत्र्याच्या ऑफिसात त्याहूनही अधिक असते. तापमान वाढले की चिपमधील गळतीचा करंट वाढतो, पंखा जोरात फिरतो, आणि तेच सॉफ्टवेअर तेच काम करताना जास्त ज्यूल घेते. जानेवारीत एक सॉफ्टवेअर मोजले आणि मेमध्ये दुसरे, तर ती तुलना ऋतूंची होईल. खोलीचे तापमान प्रत्येक फेरीला नोंदवा.

निळी शाई

मी मूळची सोलापूरची, सध्या पुण्यात सॉफ्टवेअर लिहिते. ‘तीन फेज’ यांच्या प्रत्येक मुद्द्याशी सहमत आहे, त्यामुळे मापनाविषयी भर घालत नाही. काय मोजावे, याविषयी मात्र लिहिते.

छोट्या व्यवसायांच्या सॉफ्टवेअरमध्ये ऊर्जा कुठे जाते, याचा माझा अनुभव असा आहे की ती मुख्य कामात कमी आणि वाट पाहण्यात जास्त जाते. मागावरील मोजणीयंत्राची माहिती दाखवणारा पडदा घ्या. लिहिणाऱ्याने सोपे म्हणून दर सेकंदाला, कधी सेकंदातून अनेकदा, सर्व्हरला ‘काही बदलले का?’ असे विचारणारी फेरी लावलेली असते. माग तर त्या गतीने नवी माहिती देतच नाहीत. आधुनिक प्रोसेसर काम नसले की टप्प्याटप्प्याने गाढ झोपेच्या अवस्थांमध्ये जातो आणि त्या अवस्थांमध्येच खरी बचत असते. ही फेरी त्याला तिथपर्यंत पोहोचूच देत नाही. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वापर एक-दोन टक्के दिसतो, म्हणून सगळ्यांना वाटते की सॉफ्टवेअर निवांत आहे. लिनक्सवर पॉवरटॉप लावून पाहिले की कोणता प्रोग्राम सेकंदाला किती वेळा प्रोसेसरला उठवतो ते दिसते. बदल झाला तरच सर्व्हरने कळवायचे, अशी रचना केली की ही उठाठेव थांबते.

दुसरे ठिकाण डेटाबेस. पाच-सहा वर्षांची बिले एका टेबलात साठलेली असतात, पक्षकाराच्या नावावर इंडेक्स, म्हणजे नोंद पटकन शोधून देणारी सूची, नसतो, आणि एका पक्षकाराची बाकी काढण्यासाठी दरवेळी सगळे टेबल वाचले जाते. त्याहून वाईट म्हणजे हजार बिलांच्या यादीसाठी आधी एक आणि मग प्रत्येक बिलासाठी एक अशी एकूण १,००१ वेळा वेगळी विचारणा करणारे कोड. एका जोड विचारणेत होणारे काम त्यामुळे मिनिटभर चालते, डिस्क खडखडत राहते आणि बिचारा कारकून संगणक जुना झाला असे समजतो. मालक मग नवा संगणक घेतो. माझ्या मते या सगळ्या विषयातील सर्वांत मोठी हानी याच ठिकाणी होते, कारण संगणक बनवताना झालेले उत्सर्जन तो कारखान्यात येण्याआधीच होऊन गेलेले असते आणि जो यंत्राला अकाली निवृत्त करतो तो ते पुन्हा करायला लावतो.

विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप व साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर लागतात. चांगले चालणारे कितीतरी संगणक त्यामुळे भंगाराच्या वाटेवर आहेत. आपल्या गटाने एखाद्या जुन्या यंत्रावर लिनक्स घालून तेच बिलिंग चालवून मोजले, तर तो आकडा व्यापाऱ्यांना खरोखर उपयोगी पडेल.

शेवटचे वर्ष

सर, मी याच गटात आहे. आम्ही वाचले होते की पायथन ही भाषा सी या भाषेच्या तुलनेत सुमारे ७६ पट ऊर्जा घेते. मग सॉफ्टवेअर रस्टमध्ये पुन्हा लिहून मोजले तर निष्कर्ष लवकर हाती येणार नाही का?

निळी शाई

तू ज्या आकड्याविषयी म्हणतोस तो पोर्तुगालमधील संशोधकांच्या २०१७ च्या अभ्यासातला आहे. त्यांनी २७ भाषांमध्ये लिहिलेली तीच छोटी गणिती कोडी रॅपलने मोजली. सीला १ धरले तर रस्ट १.०३, जावा १.९८ आणि पायथन ७५.८८ असा तो तक्ता आहे. पण त्याच तक्त्यात जावास्क्रिप्टला ४.४५ आणि टाइपस्क्रिप्टला २१.५० असा आकडा आहे. टाइपस्क्रिप्टचे शेवटी जावास्क्रिप्टच होते, मग पाचपट फरक कुठून आला? एका कोड्यासाठी दोन्हींकडे वेगळ्या पद्धतीने लिहिलेला प्रोग्राम घेतला गेला आणि त्याने सरासरी ओढून नेली. म्हणजे तो आकडा भाषेचा नसून लिहिण्याचा आहे. पुढे २०२४ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील संशोधकांनी हाच प्रश्न पुन्हा तपासला आणि प्रोसेसरचे किती कोअर (गाभे) कामात होते, मेमरीची किती ये-जा झाली व किती वेळ लागला हे हिशेबात घेतले की भाषेचा स्वतःचा असा प्रभाव उरत नाही, असे दाखवले.

बिलिंगच्या प्रोग्रामचा बहुतेक वेळ डेटाबेसची वाट पाहण्यात जातो आणि तो डेटाबेस बहुधा आधीच सीमध्ये लिहिलेला असतो. इंडेक्स नसलेले टेबल रस्टमधून वाचले तरी ते सगळेच वाचावे लागेल. आधी तेथे मोज, भाषेचे नंतर पाहू.

संख्यारेषा

संख्याशास्त्राच्या बाजूने थोडे लिहितो, कारण या क्षेत्रातील पुष्कळ निष्कर्ष येथेच ढासळतात.

एकदा मोजलेला ज्यूलचा आकडा म्हणजे माहिती नव्हे. त्याच यंत्रावर तेच काम लागोपाठ केले तरी आकडा हलतो, कारण मागे अपडेट चालू असते, अँटिव्हायरस जागे होते, पहिल्या फेरीनंतर फाइली कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या वेगवान साठ्यात, आलेल्या असतात, चिप तापलेली असते. प्रत्येक प्रकारच्या किमान तीस फेऱ्या घ्याव्यात. आधी ‘अ’च्या तीस आणि मग ‘ब’च्या तीस असे करू नये, कारण दुपार चढत जाते तसे तापमानही चढते आणि ‘ब’ला त्याचा दोष लागतो. फेऱ्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून मिसळावा. दोन फेऱ्यांच्या मध्ये यंत्र थंड होण्यास ठरावीक वेळ द्यावा आणि सुरुवातीच्या काही फेऱ्या हिशेबातून वगळाव्यात. नुसत्या चालू संगणकाचा पायाभूत वापर वेगळा मोजून ठेवावा.

सरासरीबरोबर मध्यक आणि विखुरणे द्यावे, शक्य तर सर्व फेऱ्यांचे बिंदू आलेखावर काढावेत. दोन ढग एकमेकांत मिसळलेले दिसत असतील, तर ‘दहा टक्के बचत’ असे लिहिण्याचा अधिकार आपल्याला नाही. फरक आढळला नाही, हाही प्रामाणिक निष्कर्ष आहे आणि तो प्रकल्पात लिहावा. मार्गदर्शकांनी त्यासाठी गुण कापू नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पंचा

चर्चा वाचली. माझा टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे. सरांना सरळ विचारतो, राग मानू नये. मागांच्या शेडचे बिल एका बाजूला आणि ऑफिसातील तीन संगणक दुसऱ्या बाजूला ठेवले, तर संगणकांचे बिल दिसणारसुद्धा नाही. मग आम्ही याकडे का लक्ष द्यावे? विद्यार्थ्यांना संगणक वापरायला देईन, त्याबद्दल प्रश्न नाही. पण आमच्यासाठी त्यात काय आहे ते समजून घ्यायचे आहे.

मोजपट्टी

राग कसला, हा प्रश्न प्रकल्पाच्या पहिल्या पानावर असायला हवा.

आपले म्हणणे खरे आहे. मागांच्या तुलनेत संगणकाची वीज नगण्य आहे आणि बिल कमी होईल असे आश्वासन देऊन मी कोणाच्या कारखान्यात जाणार नाही. तरीही साधा हिशेब करून पाहू. समजा, एक डेस्कटॉप काही काम नसताना ४० वॅट घेतो आणि सॉफ्टवेअर सकाळी पुन्हा सुरू व्हायला फार वेळ लावते, म्हणून तो रात्रभर चालूच ठेवला जातो. रात्री आठ ते सकाळी नऊ असे १३ तास धरले तर एका रात्रीचे ०.५२ युनिट होते आणि वर्षातील ३०० रात्रींचे १५६ युनिट. भारताच्या ग्रिडवर एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला जातो, म्हणजे एका संगणकामागे वर्षाला शंभर किलोहून अधिक उत्सर्जन होते आणि त्या बदल्यात काहीही काम झालेले नसते. तीन संगणकांचे तिप्पट. हा आकडा मी गृहीत धरून काढला आहे. आपल्या ऑफिसातील खरा आकडा मोजूनच कळेल.

आपल्यासाठी प्रत्यक्ष लाभ बहुधा दोन आहेत. महिनाअखेरचा अहवाल कुठे अडतो ते विद्यार्थी शोधून देतील, म्हणजे कारकुनाचा वेळ वाचेल. आणि आहेत ते संगणक आणखी काही वर्षे चालतील की नाही, याचे मोजून दिलेले उत्तर मिळेल. त्याखेरीज आपल्याकडचे सॉफ्टवेअर ज्या विक्रेत्याने लिहिले, त्याचे तेच सॉफ्टवेअर इतरही ठिकाणी चालत असणार. त्याने एक इंडेक्स घातला की ती दुरुस्ती पुढच्या अपडेटबरोबर प्रत्येक ठिकाणी पोहोचते. मागाची मोटर बदलायची तर एकेक बदलावी लागते. सॉफ्टवेअरवर मेहनत घ्यावी असे मला वाटते ते या कारणासाठी.

शेवटचे वर्ष

सर, एक शंका. फताटेवाडीचे एनटीपीसीचे औष्णिक केंद्र आपल्या शेजारीच आहे. मग सोलापुरातील संगणकासाठी सगळी वीज कोळशाचीच धरायची का?

तीन फेज

नाही. ते केंद्र ६६० मेगावॅटच्या दोन संचांचे, एकूण १,३२० मेगावॅटचे आहे, पण तेथे तयार झालेली वीज ग्रिडमध्ये जाते आणि आपल्या सॉकेटमध्ये येते ती ग्रिडची सरमिसळ वीज. सोलापूरकरांना हे अभिमानाने ठाऊक असावे की ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर ही ७६५ केव्ही वाहिनी सुरू झाली आणि तिच्यामुळेच दक्षिणेचे ग्रिड उर्वरित देशाशी जोडले जाऊन भारताचे एकच ग्रिड झाले. म्हणून हिशेबात राष्ट्रीय सरासरी धरणे योग्य. केंद्रीय विद्युत प्राधिकरण ती प्रसिद्ध करते. जे वर्ष घ्याल ते अहवालात स्पष्ट लिहा.

सरासरी असली तरी दिवसाचे सगळे तास सारखे नसतात. दुपारी सौर वीज भरपूर असते, सूर्य मावळल्यावर संध्याकाळची मागणी बहुतांशी कोळशावर येते. केंद्र सरकारच्या २०२३ च्या नियमदुरुस्तीत हाच विचार आहे: सौर तासांतील दर सर्वसाधारण दरापेक्षा किमान २० टक्के कमी ठेवायचा आणि गर्दीच्या तासांत जास्त. आपल्याकडे बॅकअप, जुन्या बिलांची जुळवाजुळव, मोठे अहवाल ही कामे ‘ऑफिस सुटल्यावर’ म्हणून संध्याकाळी सात-आठला लावलेली असतात. जे काम दुपारच्या जेवणाच्या सुटीत होऊ शकते ते तेव्हाच लावले तर तेवढ्याच युनिटांमागचे उत्सर्जन कमी होते. यासाठी कोडची एक ओळही बदलावी लागत नाही.

निळी शाई

याच मांडणीसाठी ग्रीन सॉफ्टवेअर फाउंडेशनचे एक सूत्र आहे, जे आता आयएसओ/आयईसी २१०३१:२०२४ या क्रमांकाने आंतरराष्ट्रीय मानकही झाले आहे. वापरलेली ऊर्जा गुणिले त्या विजेची कार्बन-तीव्रता (एका युनिटमागचे उत्सर्जन), अधिक यंत्र बनवतानाच्या उत्सर्जनातील आपला वाटा, आणि या बेरजेला कामाच्या एककाने भागायचे. सरांचे ‘एका अहवालामागे’ हे त्यात नेमके बसते. मला या सूत्रातील विशेष आवडणारी गोष्ट म्हणजे झाडे लावून किंवा कार्बन क्रेडिट विकत घेऊन त्यातील आकडा खाली आणता येत नाही. सॉफ्टवेअर, वीज किंवा यंत्र यांपैकी काहीतरी प्रत्यक्ष सुधारावेच लागते.

कामाची नक्कल कशी करावी यासाठी जर्मनीच्या ‘ब्लू एंजल’ पर्यावरण चिन्हाचे निकष पाहावेत. २०२२ मध्ये केडीई या मुक्त सॉफ्टवेअर समुदायाच्या ओक्युलर या पीडीएफ वाचकाला ते चिन्ह मिळाले. त्यासाठी माणूस जे करतो ते, म्हणजे फाइल उघडणे, पाने उलटणे, शोधणे, एका स्क्रिप्टकडून ठरल्या क्रमाने व ठरल्या वेळेत करून घेतले जाते आणि तेवढ्या काळाचा वीजवापर नोंदवला जातो. बिलिंगसाठी तशी स्क्रिप्ट लिहिणे चार विद्यार्थ्यांना सहज जमेल.

संख्यारेषा

एक बाब नोंदवून ठेवावी. १८६५ मध्ये अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्स यांनी दाखवले होते की वाफेची यंत्रे काटकसरी झाली तसा इंग्लंडचा कोळशाचा एकूण वापर वाढला. अहवाल दोन सेकंदांत निघू लागला की तो दिवसातून वीस वेळा काढला जाईल, ही शक्यता आहे. म्हणून ‘एका अहवालामागे’ या मापाबरोबर ‘एका दिवसाचे एकूण’ हेही माप घ्यावे, आणि ते दुरुस्तीनंतर लगेच न घेता महिनाभराने घ्यावे.

मोजपट्टी

सर्वांचे मनापासून आभार. पद्धत आता अशी ठरवत आहे. भाषा बदलण्याचा भाग प्रकल्पातून काढला. प्रयोगशाळेत एकाच यंत्रावर स्क्रिप्टच्या साहाय्याने, मिसळलेल्या क्रमाने तीस-तीस फेऱ्या होतील. रॅपल आणि खरे वॅट दाखवणारा मीटर दोन्ही एकाच वेळी नोंदले जातील, खोलीच्या तापमानासह. तुलना तीन जोड्यांची असेल: इंडेक्सशिवाय आणि इंडेक्ससह, दर सेकंदाची विचारणा आणि बदल झाल्यावरची सूचना, जुन्या यंत्रावरील विंडोज आणि त्याच यंत्रावरील लिनक्स. त्यानंतर ‘पंचा’ यांच्या ऑफिसात यूपीएसच्या दोन्ही बाजूंना मीटर लावून पूर्ण आठवड्याची नोंद घेऊ, म्हणजे रात्र आणि सुटीचा दिवसही त्यात येईल. मोजणीच्या सर्व कच्च्या नोंदी आणि स्क्रिप्ट याच धाग्यावर ठेवल्या जातील.

पंचा

माझ्याकडून होकार आहे, दोन अटींवर. विद्यार्थ्यांनी काहीही जोडण्यापूर्वी माझ्यासमोर हिशेबाचा पूर्ण बॅकअप घ्यावा, आणि लिनक्सचा प्रयोग चालू संगणकावर न करता कोपऱ्यात पडून असलेल्या जुन्या संगणकावर करावा. जीएसटीची विवरणे भरायचे दिवस सोडून या, म्हणजे कारकुनालाही तुमच्याबरोबर बसता येईल. अहवाल कुठे अडतो ते त्याच्याइतके नेमके कोणी सांगणार नाही, म्हणून स्क्रिप्ट लिहिण्यापूर्वी त्याचे एक दिवसाचे काम शेजारी बसून पाहावे.

मोजपट्टी

दोन्ही अटी मान्य आहेत. कारकुनांबरोबर बसण्याची सूचना स्क्रिप्टच्या आधीच्या टप्प्यात घातली आहे. नोंदवहीचा नमुना तयार झाला की येथे टाकतो, त्यात काही राहिले असल्यास ‘तीन फेज’ आणि ‘संख्यारेषा’ यांनी अवश्य सांगावे.